सूज उतरायचे दिवस

आमच्या इमारतीच्या लिफ्टला सध्या गव्हाचा वास येतो. मार्च सरत आला की हडपसरमधली माणसं अचानक घरंदाज होतात. एरवी कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवरून दहा मिनिटांत मागवणारे शेजारी गहू मात्र वर्षाचाच भरतात. लोकवन की सिहोर यावर सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं होतात. हॉलमध्ये पंख्याखाली चादर, चादरीवर गहू, गव्हाला एरंडेलाचा हात. लिफ्टच्या कोपऱ्यात सांडलेले चार दाणे आणि सातव्या मजल्यापर्यंत सोबत करणारा तो कोरडा, धुळकट, गोडसर वास.

तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. फक्त आमच्याकडे तो पोत्याबरोबर यायचा नाही, आप्पांच्या सदऱ्याबरोबर यायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं ते मार्केट यार्डात हमाल होते, भुसार बाजारात, गहू-ज्वारी-डाळी-मिरचीच्या गाळ्यांवर. मिरचीचा हंगाम सुरू झाला की ते दारात उभे राहताच आई आणि मी शिंकायला लागायचो. ते लांबूनच ओरडायचे, "थांबा गं, आधी मोरीत जातो," आणि अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्याशिवाय मला जवळ घ्यायचे नाहीत. तेव्हा आम्ही यार्डामागच्या वस्तीत राहायचो. आता हडपसरला राहतो. मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आणि परवा सकाळी आप्पांची बायपास आहे.

हे मी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून लिहिते आहे. खाली रस्त्यावर एका टेम्पोतून कुणीतरी पोती उतरवतंय. मी तिकडे बघायचं टाळते आहे.

गेल्या वर्षीचा धान्याचा हंगाम माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या आधीच्या डिसेंबरात आप्पांना पहिला झटका आला होता. जेवून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "छातीवर कुनीतरी पोतं ठेवलंय." त्यांना थट्टेची सवय, म्हणून आई हसली. त्या हसण्याबद्दल ती अजून स्वतःला माफ करत नाही. हृदयाची एक वाहिनी डॉक्टरांनी उघडली, उरलेल्या दोन अर्ध्या-मुर्ध्या तुंबलेल्या होत्या, त्यांना गोळ्यांवर ठेवलं. सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "बाकी ठीक आहे. पण यांच्या रक्तात सूज आहे."

आईनं लगेच खाली वाकून आप्पांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडतो का बघायला. पडला नाही. आप्पांनी आपण होऊन दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले, चोरीचा आळ आल्यासारखे.

"कुठं आहे सूज?" आईनं विचारलं.

"आत."

"आत म्हणजे पोटात?"

"आत म्हणजे आत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना दया आली असावी. चिठ्ठीच्या मागे त्यांनी एक नळी काढली. काटा रुतला की बोट कसं लाल होऊन ठणकतं, तसं रक्तवाहिनीचं अस्तर आतून धुमसत राहतं. दिसत नाही, दुखत नाही. पण तिथं साठलेली चरबी त्या धुमसण्यानं कधी फुटेल याचा नेम राहत नाही. एचएस-सीआरपी नावाची एक तपासणी असते, ती या धुमसण्याचा अंदाज देते. नुसता अंदाज. आकडा एकच्या खाली असला तर बरं, तीनच्या वर गेला तर काळजी. आप्पांचा साडेसहा होता. दोनदा तपासला, दोन्ही वेळा तेवढाच.

मी सगळं नीट ऐकलं. 'नुसता अंदाज' हे दोन शब्द मात्र माझ्या कानात शिरलेच नाहीत.

आपल्याकडे रडून डोळे सुजतात, मार खाऊन गाल सुजतो. सूज म्हणजे बाळसं नव्हे, असं म्हणतात, पण निदान ती दिसते तरी. जी दिसत नाही ती कुठं शेकायची आणि तिला कुठला लेप लावायचा? आईनं हळदीचं दूध सुरू केलं. संध्याकाळी ते पिताना आप्पा मला चिडवायचे, "सुजाता! नावातच हाय की गं. सूज जाता! मग कवा जानार?" मी हसायचे, बाथरूममध्ये जायचे, नळ मोठा सोडायचे आणि रडायचे.

उपायही त्याच दिवशी सांगितला होता. गोळ्या चालू, तंबाखू बंद, पोट कमी, आणि आठवड्यातून दोनदा रुग्णालयाच्या व्यायाम कक्षात स्ट्रेंथ ट्रेनिंग. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. "म्हणजे काय करायचं?" आईनं विचारलं. "वजनं उचलायची," डॉक्टर म्हणाले.

आप्पा हसायला लागले. इतके हसले की त्यांनी छातीवर हात धरला आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"साहेब, मग अडतीस वर्षं मी काय करत व्हतो?"

"हमाली. ती वेगळी." डॉक्टरांचं बोलणं कोरडं असायचं. "पोतं तुम्ही दमलात म्हणून थांबतं का? उचललं की पुढचं तयार. व्यायामात वजन बेताचं असतं, श्वास मोकळा असतो, मधे थांबायचं असतं आणि मग दोन दिवस सुट्टी. स्नायू सुधारतात ते त्या सुट्टीत. सूज आवरणारी द्रव्यंही शरीर तेव्हा तयार करतं. तुम्हाला सुट्टी कधी असायची?"

आप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "संपात," ते म्हणाले.

व्यायाम कक्षात ऋचा मॅडम नावाची पंचविशीतली फिजिओथेरपिस्ट होती. तिनं पहिल्या दिवशी आप्पांच्या दोन्ही हातांत एकेक किलोचं डंबेल दिलं. आप्पांनी ते तळहातावर जोखलं. "मॅडम, हे वजन न्हाई, हे माप हाय. ह्यानं बटाटं मोजत्यात."

"मग मोजा," ती म्हणाली. "दहा वेळा. सावकाश."

सावकाश हेच त्यांना जमेना. आयुष्यभर एका हिसक्यात, श्वास कोंडून उचललेलं. ती म्हणायची, काका, उचलताना श्वास सोडा. ते म्हणायचे, श्वास सोडला की पोतं सुटतं. ती म्हणायची, इथे पोतं नाहीये. तरी ते दात आवळून, गळ्याच्या शिरा ताणून ते एक किलो वर न्यायचे. मी काचेतून बघायचे आणि माझ्याही मुठी आवळल्या जायच्या.

त्या तीन महिन्यांत मी फार वाईट वागले. हे आज लिहून टाकते. मी त्यांची लेक उरले नाही, मुकादम झाले. घरी करायच्या व्यायामासाठी पिवळा रबरी पट्टा दिला होता, तो ताणताना मी समोर बसून मोजायचे आणि एखादा अर्धवट झाला तर परत करायला लावायचे. भाजीतलं मीठ, चहातली साखर, ताटातलं सुकट, सगळ्यावर माझी नजर. तंबाखूची डबी मी त्यांच्या देखत कचऱ्यात टाकली. तरी नंतर दोन दिवस ते विसरून उशीखाली, खिडकीत, बुद्धमूर्तीच्या देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या फळीवर ती शोधत राहिले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मी डबी परत आणून दिली नाही.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी या विषयावरचे लेख वाचत बसायचे. वजनांच्या व्यायामानं रक्तातली सूज उतरते का? काही ठिकाणी उतरली होती, काही ठिकाणी ढिम्म हलली नव्हती. पोट कमी झालं तर उतरण्याची आशा जास्त. साखर, रक्तदाब, चालण्यातला जोर यांना फायदा होतो. तो आकडा खाली आला नाही तरी होतो. असं सगळं 'बहुधा' आणि 'सरासरी' मध्ये लिहिलेलं. सरासरीला वडील नसतात, माझं काय जायचं होतं ते त्या लेखांना कुठून कळणार? मी फक्त मला हव्या त्या ओळी वाचायचे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पोट भरणारी मी, इथे एकही चूक मला शोधायची नव्हती. मला एकच हवं होतं. तो आकडा उतरावा. तो उतरला की आप्पा राहतील, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

आप्पांनी मला कधी काही उचलू दिलं नाही. वस्तीत सार्वजनिक नळ होता. सगळ्या मुली हंडे-कळश्या वाहायच्या. आप्पा दिवसभर यार्डात वाकून आल्यावर आमचं पाणी स्वतः भरायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, राणीसाहेब आल्या बघा. आई वैतागायची, "सासरी गेल्यावर काय करील ही?" आप्पा म्हणायचे, "तिथं बी मी जाईन उचलाया." शाळेचं दप्तर फाटकापर्यंत त्यांच्या खांद्यावर. खराडीला नोकरीच्या पहिल्या दिवशी लॅपटॉपची बॅग घेऊन बसस्टॉपवर आले. बॅग हातात तोलत म्हणाले, "एवढ्या हलक्यात काम मावतं?" आणि मग बराच वेळ स्वतःशीच हसत उभे राहिले. माझे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. धम्म स्वीकारल्यावर त्यांनी ते सोडलं. त्यांच्या पोरानं पुण्यात येऊन पोती वाहिली. तिसऱ्या पिढीला हातात पेनाहून जड काही नको, हा आप्पांचा पण होता, आणि तो पुरा झाला असं ते विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर चारचौघांत सांगायचे. मी लाजायचे. पण मला ते आवडायचं.

बारा आठवडे एप्रिलच्या शेवटी भरले. घरोघरी गहू चाळणीवर पडला होता. शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आम्ही दोघं गेलो. अंगावर पोत्यांची थप्पी पडून उठलेला हा माणूस सुईला घाबरतो. "आधी तू दे," आप्पा म्हणाले. मी बाही वर केली. माझ्याही त्याच सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांना सोबत म्हणून. आप्पा त्या दिवशी फार खुशीत होते, आणि थोडे वाकून चालत होते. वाकण्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आले. आई पोळ्या लाटत होती. आप्पांचा आकडा अकराच्या पुढे गेला होता.

मी ओट्याला धरून उभी राहिले. आधी वाटलं नावांची अदलाबदल झाली. मग माझा रिपोर्ट उघडला, तर तिथं पाच होता आणि कोलेस्टेरॉलच्या रकान्यात लाल अक्षरं. पण त्या वेळी मी माझ्याकडे कुठून बघणार? तीन महिने उपाशी ठेवलं, तंबाखू तोडली, माणसाचा जीव नकोसा केला, आणि आतली आग दुप्पट झाली. आता आप्पा जाणार. हे वाक्य माझ्या मनात इतकं सरळ उभं राहिलं की मला तव्यावरची पोळी दिसेना. आई म्हणाली, "काय आलं गं?" मी म्हटलं, "अजून यायचंय."

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, ताप आला होता का, दात दुखतोय का, कुठे पडलात का? आप्पा मान हलवत राहिले. डॉक्टरांनी उठून त्यांच्या खांद्यावर सहज हात ठेवला. आप्पा कळवळले.

"सदरा काढा."

पाठीवर, मानेच्या खाली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जांभळा पट्टा उठला होता.

"काय केलंत?"

आप्पा फरशीकडे बघत म्हणाले, "उजळनी."

"कसली?"

"शनिवारी परीक्षा व्हती ना. पोरगी पेपरच्या आदल्या दिवशी सगळं पुन्यांदा करायची. म्हनून बेस्तरवारी, शुक्रवारी यार्डात जाऊन आलो. जास्त न्हाई. रोजची धा-बारा पोती. पन्नासचीच." त्यांच्या उमेदीत पोतं शंभर किलोचं असायचं, म्हणून ते 'च'. घरी विहारात जातो असं सांगून बस पकडली होती. जुन्या टोळीतले जोडीदार नको नको म्हणाले, तर त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. बघा, वजनं उचलायला डॉक्टरनंच सांगितलंय.

"मी वजन उचलायला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले, "गोदाम रिकामं करायला नव्हतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं. अंगमोड ओझं उचललं की स्नायूंना बारीक जखमा होतात, त्या भरून काढायला शरीर सूज आणतं, आणि तो आकडा दोन-चार दिवस भलताच वर जातो. दहाच्या पुढे गेलेला आकडा हृदयाबद्दल काही सांगतच नाही. तीन आठवडे थांबा, पुन्हा तपासा. "आकड्याचं राहू द्या. हे त्या पोत्याखालून उठले हे नशीब समजा."

बाहेरच्या बोळात मी आप्पांवर ओरडले. "मरायचं होतं का तुम्हाला?" बाकांवरची माणसं बघायला लागली. आई माझी ओढणी ओढत होती. आप्पा सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घालत उभे होते.

"तू मोरीत नळ सोडून रडती," ते हळू आवाजात म्हणाले. "मला ऐकू येतं की. एकेक किलोनं तुझं रडू थांबंना. मग म्हनलं, मला जे येतं ते करून बघावं."

त्या माणसाला मी परीक्षेला बसवलं होतं आणि मीच परीक्षक म्हणून समोर बसले होते. नापास होण्याच्या भीतीनं त्यानं त्याला येत होता तेवढा एकच धडा घोकला.

तीन आठवड्यांनी आकडा साडेपाच आला. "उतरतोय म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "नाचायला हरकत आहे." नंतरचे आठ-नऊ महिने आप्पा इमानानं कक्षात गेले. एकाचे दोन किलो, दोनाचे चार. श्वास सोडायला शिकले. पोट गेलं, साखर आटोक्यात आली, जिन्याचे दोन मजले न थांबता चढायला लागले. दिवाळीनंतर आकडा दोनपर्यंत आला. मी नाचले नाही, पण त्या दिवशी नळ सोडला नाही.

माझ्या रिपोर्टचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. त्या सोमवारी आप्पा सदरा अडकवून आईबरोबर बोळात गेले असताना डॉक्टरांना फाइलीत तो दुसरा कागद दिसला. "हे कुणाचं?" मी म्हटलं, माझं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दिवसभरात काय उचलता?"

"काही नाही."

"तेच," ते म्हणाले.

तेवढंच कारण नव्हतं हे मला कळतं. दहा-दहा तास खुर्ची, कँटीनचे वडे, अपुरी झोप आणि डिसेंबरापासून उरात घेऊन फिरलेली भीती, सगळंच त्यात असणार. पण आप्पांनी ऐकलं असतं ते एकच. मी तुला उचलू दिलं न्हाई, म्हनून झालं का? हा प्रश्न त्यांनी विचारला असता तर मी कुठल्या तोंडानं उत्तर दिलं असतं? त्यांच्या जन्माची एकच मिरवण्यासारखी गोष्ट होती, तिच्यात खोट निघाली असं त्यांना कसं सांगायचं? म्हणून मी खोटं बोलले. सकाळी फिरायला जाते सांगून गाडीतळाजवळच्या एका व्यायामशाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी लोखंडी दांडीला हात लावताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यातून सुटायला दोन पिढ्या गेल्या, ते करायला मी बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन आले होते. आरशात बघवेना. तरी उचललं. माझाही आकडा थोडा उतरला. घाम पुसून, तोंड धुऊन घरी यायचे आणि आप्पा विचारायचे, "कुठवर गेलतीस आज?" मी म्हणायचे, कॅनॉलपर्यंत.

या फेब्रुवारीत जिन्याच्या पहिल्याच मजल्यावर आप्पा थांबले. छातीला हात लावला. अँजिओग्राफीत दिसलं की उरलेल्या दोन्ही वाहिन्या जवळजवळ बंद झाल्या आहेत, आणि अडथळे ज्या जागी आहेत तिथं वाहिनी उघडणारा फुगा जाणार नाही, बायपासच हवी. रक्तातली सूज उतरली होती. तुंबलेलं वाढलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "मग वर्षभर हे सगळं कशासाठी केलं?" माझा आवाज चढला होता. त्यांनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. म्हणाले, "आकडा उतरला म्हणजे पुढची आग मंदावली. आधी साठलेलं होतं ते व्यायामानं खरवडून निघत नाही. पण आज यांचे पाय, यांचं फुप्फुस ऑपरेशनला उभं राहील असं आहे. गेल्या वर्षी मी हे धाडसानं म्हणालो नसतो."

लोक म्हणतात, हेही नसे थोडके. मला ते थोडकंच वाटतं. माझ्या हातात काही उरलेलं नाही. मोजायला आकडा नाही, तोडायला मीठ नाही. मी रोज या बाकावर बसते आणि कुणाचंही पाऊल वाजलं की घाबरते. मला आप्पा हवेत, इतकंच मागणं आहे, आणि ते कुणापुढे मांडायचं हेही मला ठाऊक नाही. त्रिसरण म्हणताना ओठ हलतात. सगळं अनित्य आहे हे मला लहानपणी पाठ करवलंय. आप्पांच्या बाबतीत ते मला मान्य नाही.

आज दुपारी ऋचा मॅडम वॉर्डात आली. ऑपरेशननंतर कसं वागायचं ते शिकवायला. छातीचं हाड कापून तारेनं बांधतात, ते जुळेपर्यंत तीन महिने काही उचलायचं नाही. हातांवर भार देऊन उठायचंही नाही.

"तांब्या बी न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"भरलेला नाही, काका."

आप्पा आपल्या पंजांकडे बघत बसले. जगात त्यांना जे एकच काम येतं त्याची आता तांब्यापासून बंदी होती.

"म्हणजे उठवायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली. "पाठीमागून आधार देऊन. घरी कोण आहे?" आईची कंबर धरलेली असते हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "मी."

"ती न्हाई," आप्पा लगेच म्हणाले. "बाई ठेवू एखादी. तिला उचलाया येत न्हाई."

"येतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कवापासनं?"

माझ्याकडे वर्षभराची खोटी उत्तरं तयार होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "वर्ष झालं. माझ्याही रक्तात सूज होती, आप्पा. डॉक्टरांनी मलाही उचलायला सांगितलं होतं."

आईनं हातातली पिशवी खाली ठेवली. ज्या प्रश्नाला मी वर्षभर घाबरले, तो आता येणार म्हणून मी पलंगाची दांडी धरून ठेवली. त्यांच्या ओठांपर्यंत तो आला होता, मला दिसला. त्यांनी तो गिळला. मग ऑपरेशननंतर खोकताना धरायला मॅडमनं दिलेली उशी त्यांनी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळली, पलंगावर पाठ टेकली आणि अंग थोडं सैल सोडलं.

"जवळ ये," ते म्हणाले. "आनखी. लांबून उचलशील तर कंबर जाईल. पाय फाकून रोव. गुडघ्यात वाक. हां. आता श्वास सोड आन् उचल."

एक हात मी त्यांच्या खांद्यांमागे घातला, दुसरा मानेखाली. त्यांचं डोकं माझ्या गळ्याशी टेकलं. केसांना खोबरेल तेल आणि रुग्णालयाच्या साबणाचा वास होता. मी श्वास सोडला आणि उचललं. आप्पा वर आले. सगळे, जसेच्या तसे, माझ्या हातांवर.

"जड झालो का गं?" त्यांनी विचारलं. माझ्या मानेत, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "जड आहात. पण उचलतंय मला."

त्यांनी मान हलवली. माझ्या गळ्याला काहीतरी ओलं लागलं.

"छान जमलं," ऋचा मॅडम म्हणाली. "आता हळूच खाली ठेवा."

मी ठेवलं नाही.

"सुजाता, झालं. ठेवा आता त्यांना."

माझ्या दंडांना कापरं भरलं होतं. आई म्हणाली, "अगं, ठेव की." मी तशीच उभी राहिले.